नेतृत्व कोणाचे?

नगरपरिषदेचा कारभार चालवणाऱ्या मुख्याधिकाऱ्यांना कायदा पुरेसा शिकवला जातो, उणीव आहे ती कंपन्यांमधल्यासारख्या नेतृत्व-प्रशिक्षणाची, असा मुद्दा मांडला जातो; तो मला अर्धाच पटतो. कंपनीच्या व्यवस्थापकाला एका संचालक मंडळाला उत्तर द्यावे लागते. नगरपरिषदेत १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने सूत्रे मुळातच वाटून दिली आहेत. सभेचे अध्यक्षस्थान नगराध्यक्षांकडे, अंमलबजावणी शासनाच्या संवर्गातून आलेल्या, बदलीपात्र मुख्याधिकाऱ्याकडे, आणि ठराव कायदाबाह्य वाटल्यास त्याला स्थगिती देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे. अशा रचनेत खरी कसोटी लागते ती नगरसेवकांशी संबंध न तोडता नकार देताना, आणि ते कौशल्य केवळ अधिकाऱ्यांच्याच वर्गात कसे शिकवणार? नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांना अर्थसंकल्पाच्या आधी एकत्र बसवणारे सत्र मला अधिक उपयोगाचे वाटते.

या चर्चेत सहसा न येणारी आणखी एक बाब म्हणजे अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था. १९२६ साली मुंबईत स्थापन झालेली ही संस्था स्वच्छता निरीक्षकांसारख्या कर्मचाऱ्यांसाठी पदविका अभ्यासक्रम चालवते. मुख्याधिकारी बदलून जातात, नगरपरिषदेचे बरेचसे कर्मचारी मात्र त्याच गावात राहतात. नेतृत्वाचा विषय त्यांच्यापर्यंत न्यायला काय हरकत आहे?