सहा आठवड्यांच्या विज्ञानकथा कार्यशाळेसाठी नोकरी सोडावी का?

सातपूरची लेखिका: मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. अमेरिकेतल्या क्लॅरियन कार्यशाळेला अर्ज करायचाय. १९६८ पासूनची, आता सॅन डिएगोला भरते. सहा आठवडे तिथेच राहायचं, इंग्रजीत लिहायचं. एवढी रजा मिळणार नाही. माझी कथा आटलेल्या गंगापूर धरणाची. कालव्याच्या ‘आवर्तना’ला, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीला, इंग्रजीत काय म्हणू, इथेच अडलेय.

पंचवटीकर: ताई, मी दहा दिवसांच्या एका निवासी कार्यशाळेला गेलो होतो. गोल बसायचं, प्रत्येक जण तुमच्या कथेवर बोलणार, तुम्ही शेवटपर्यंत गप्प. माझ्या अंतराळवीराचे अश्रू गालावरून ओघळत होते. एकीने सांगितलं, वजनरहित अवस्थेत पाणी डोळ्याशीच गोळा होऊन राहतं. रात्रभर झोप नाही. पहाटे चारला तो प्रसंग नव्याने लिहिला, घरी बसून कधीच सुचला नसता. जा तुम्ही. आणि ‘आवर्तन’ तसंच ठेवा.

जुना वाचक: मराठीतही पाठवत राहा. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती. पहिली आली.

सातपूरची लेखिका: ‘आवर्तन’ ठेवलं. धरणाच्या गाळाचा प्रसंग आज पुन्हा लिहायला घेतलाय. अर्ज भरतेय, नोकरीचं घरी बोलून ठरवते.