दरापेक्षा खोक्याचं माप बघा
१६८८ या चिनी घाऊक खरेदीच्या संकेतस्थळावरचा दर इथल्या गोखले रोडवरच्या दुकानापेक्षा निम्मा पडतो, पण ते नुसत्या वस्तूपुरतं खरं. पैसे जातात खोक्यात. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांपैकी जास्त असेल ते धरतात: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. म्हणजे ४० × ३० × २०चं खोकं, आत दीड किलोच माल असला तरी ४.८ किलोचं! चीनमध्ये तुमच्यासाठी माल घेऊन पाठवणाऱ्या एजंटला तिथल्या गोदामातच मूळ खोकी काढून माल पिशवीत दाबून भरायला सांगा (बुटांची खोकी तर हमखास). सीमाशुल्कही किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं, वर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी); म्हणजे फुगलेल्या भाड्याची खिशाला दोनदा चाट.

आणि शुल्क चुकवायला पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहून घ्यायची युक्ती सोडा. ५००० रुपयांपर्यंतची ती सवलत डिसेंबर २०१९मध्येच गेली. उरली ती राखी आणि जीवरक्षक औषधांपुरती.