मातृभाषेतून शिकवणे बंद झाले. फिलिपिन्सच्या लहान भाषांचे आता काय?

बांबूची वही (धागाकर्ता)

बालवर्गापासून तिसरीपर्यंत मुलांना त्यांच्या मातृभाषेतून शिकवावे, ही २०१३ च्या शिक्षण कायद्यातील सक्ती फिलिपिन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रजासत्ताक कायदा क्रमांक १२०२७ आणून उठवली. राष्ट्राध्यक्षांनी विधेयकावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. मुदत उलटली आणि त्याचा आपोआप कायदा झाला. आता माध्यम फिलिपिनो आणि इंग्रजी, प्रादेशिक भाषा फक्त मदतीला. १७० हून अधिक भाषा असलेल्या देशासाठी हा निर्णय चुकीचा आहे, असे माझे मत आहे.

राष्ट्रभाषा फिलिपिनो ही मुळात टागालोग. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्वेझोन यांनी टागालोग हा राष्ट्रभाषेचा पाया ठरवला. २०२० च्या जनगणनेतही घरात टागालोग बोलणारी कुटुंबे सुमारे चाळीस टक्केच आहेत; बाकीच्यांची मुले पहिल्या दिवशी शाळेत जातात ती परक्या भाषेत. कलिंगा प्रांतातल्या लुबुआगान येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून काही शाळांत मुलांना आधी त्यांच्या भाषेतून शिकवून पाहिले, तेव्हा ती मुले इतर शाळांतल्या मुलांपेक्षा पुढे गेली, आणि तीही इंग्रजी वाचनासकट.

नव्या कायद्यात एक पळवाट ठेवली आहे, ती मला सर्वांत जास्त खटकते. वर्गातली सगळी मुले एकाच मातृभाषेची असतील, तर त्या भाषेतून शिकवता येईल. मात्र त्या भाषेची अधिकृत लेखनपद्धती, प्रसिद्ध झालेला शब्दसंग्रह, साहित्य, व्याकरणाचे पुस्तक आणि प्रशिक्षित शिक्षक असले पाहिजेत. म्हणजे जिला आधाराची गरज नाही तिला आधार मिळेल, आणि जिच्या अंगात त्राण नाही तिने आधी चालून दाखवावे.

लहान समाजाकडे काय असते, याचे एक उदाहरण देतो. मिंदोरो बेटावरचे हानुनुओ मांग्यान लोक आजही सुरीच्या टोकाने बांबूवर अक्षरे कोरतात. मूळ अक्षरे अठरा, कुळ आपल्याच ब्राह्मीचे. इकारासाठी वर खूण, उकारासाठी खाली. अक्षराचा पाय मोडायची सोय मात्र नव्हती, त्यामुळे शब्दातला स्वरहीन व्यंजनाचा उच्चार लिहिलाच जात नसे आणि वाचणाऱ्याने तो संदर्भाने ओळखायचा. आपल्या हलंतासारखी खूण विसाव्या शतकात अँटून पोस्तमा या डच धर्मोपदेशकाने सुचवली. या लिपीत ते ‘अंबाहान’ कोरतात: सात-सात अक्षरांच्या, यमक जुळवलेल्या ओळी, ज्यांतून प्रेमाची विचारणा होते, पाहुण्याला निरोप दिला जातो आणि मुलाला चार शब्द सुनावलेही जातात. गिनाव बिलोग या अंबाहानकाराला १९९३ मध्ये देशाने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान दिला. ज्या भाषेचा असा गौरव केला, तिचा विचार शाळेच्या धोरणात करताना मात्र सरकारला हात आखडता घ्यावासा वाटतो.

आडवा प्रश्न

धागाकर्त्यांनी शाळेवरची पाटी वाचली, वर्गात डोकावले नाही. सक्ती होती तेव्हा अधिकृत माध्यमभाषा किती होत्या? एकोणीस. इवातान, याकान अशा काही लहान भाषा सोडल्या, तर इलोकानो, सेबुआनो, हिलिगायनोन, बिकोल या लाखो बोलणाऱ्यांच्या भाषा. आयता किंवा आग्ता या आदिवासी लोकांची एकही भाषा त्यांत नव्हती, आणि तुम्ही ज्यांचे कौतुक करता त्या हानुनुओंचीही नव्हती.

याचा प्रत्यक्षात अर्थ काय झाला ते पाहा. लुझोन बेटावरच्या किरिनो प्रांतात आर्ता नावाची भाषा आहे. ती अस्खलित बोलणारे आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. तिची जागा मनिलाच्या टागालोगने किंवा इंग्रजीने घेतलेली नाही, ती शेजारच्या इलोकानोने आणि आग्ता लोकांच्या बोलीने घेतली. त्या भागात ‘मातृभाषेतून शिक्षण’ म्हणजे इलोकानोतून शिक्षण, म्हणजेच शेजाऱ्याच्या आईची भाषा. ही सक्ती उठली म्हणून आर्ताने का रडावे?

दुसरे असे की २०१८ च्या आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीत वाचनात फिलिपिन्स ७९ देशांत शेवटचा आला. परदेशी रुग्णालयांत आणि जहाजांवर काम करून घर चालवणाऱ्यांच्या या देशात आईबापांनी मुलासाठी इंग्रजी मागितली, तर त्यांना दोष देणारे आपण कोण?

बांबूची वही

पिसाचा दाखला येथे लागू पडत नाही. त्या चाचणीला बसलेली पंधरा वर्षांची मुले २००२ च्या सुमारास जन्मलेली. मातृभाषेतून शिक्षण कायद्याच्या आधीच, २०१२ मध्ये, पहिलीपासून सुरू झाले तेव्हा ती चौथी-पाचवीत होती. ज्यांना औषध दिलेच नाही, त्यांच्या दुखण्यासाठी औषधाला कसे जबाबदार धरता?

आडवा प्रश्न

मान्य. मग २०२२ ची चाचणी घ्या. तेव्हाची मुले २००६ ची, म्हणजे औषध मिळालेली पहिलीच तुकडी. वाचनाचे गुण ३४० वरून ३४७ झाले. मधल्या काळात करोनामुळे शाळा बंद होत्या हे मी विसरलेलो नाही, पण एवढ्या फरकावर गुढी उभारता येणार नाही.

इलोकानोच्या मुद्द्याला मात्र तुम्ही उत्तर दिले नाही.

दावाओकर

महाराष्ट्रातून जी असंख्य मुले वैद्यकीय शिक्षणासाठी दावाओला जातात, त्यांपैकी मी एक होतो. वॉर्डात इंग्रजी चालत नाही. तेथे बिसाया, म्हणजे सेबुआनो लागते, आणि ‘आसा आंग साकित?’ (दुखते कुठे?) हे वाक्य आम्ही कोणत्याही पुस्तकाआधी शिकलो. कुठल्याही कायद्याने सेबुआनोला मोठे केलेले नाही. ती बाजारात, बसमध्ये, रेडिओवर आणि भांडणात बोलली जाते, म्हणून धडधाकट आहे; शाळेने तिला टाकले तरी तिच्या केसालाही धक्का लागणार नाही.

डोंगरावरून, मानोबो किंवा बागोबो वस्त्यांतून म्हातारी माणसे यायची, तेव्हा सोबत एखादे नातवंड दुभाष्या म्हणून असायचे. आजी तिच्या भाषेत बोलायची, नात बिसायात उत्तर द्यायची. दोघींचे एकमेकींना समजत होते, पण नातीच्या तोंडून आजीची भाषा मी एकदाही ऐकली नाही. म्हणून माझे मत दोघांहून वेगळे आहे: शाळा भाषेला मारतही नाही आणि तारतही नाही. निकाल त्याआधीच, पहिल्या चार वर्षांत, घरात लागलेला असतो.

खाचर

मी लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन केंद्रात काही वर्षे काम केले. तेथील बियाणे पेढीत भाताचे एक लाख तीस हजारांहून अधिक नमुने थंडीत जपलेले आहेत. कोणी भाषांच्या ध्वनिमुद्रणाविषयी आणि शब्दकोशांविषयी बोलू लागले की मला ती पेढी आठवते. पेढीतले भात जिवंत असते, पण बदलत नाही. शेतातले भात दर हंगामाला पावसाशी, किडीशी आणि माणसाच्या जिभेशी जुळवून घेत राहते.

लुझोनच्या डोंगरात भातशेती करणाऱ्या इफुगाओ लोकांचे हुधुद हे गाणे पाहा. दोनशेहून अधिक आख्याने, प्रत्येकाचे चाळीस भाग. पेरणीला, कापणीला आणि मयताच्या रात्री जागताना गायले जाणारे. सूर धरते ती बहुधा वयस्क बाई, बाकीच्या साथ देतात. युनेस्कोने २००१ मध्ये त्याला मानवजातीची उत्कृष्ट कृती म्हटले आणि २००८ मध्ये यादीत घेतले. पण कापणी हाताने व्हायची, बायका रांगेत वाकलेल्या असायच्या, म्हणून कापणीचे हुधुद होते. ‘तिनावोन’ हे वर्षातून एकदाच येणारे तेथील जुने भात जाऊन बाजाराचे भात आले आणि यंत्र आले, की त्या गाण्याला गायला वेळच उरत नाही. आख्यानाचा शब्द न् शब्द टिपून ठेवला तरी ते पेढीतले बियाणे.

तेव्हा प्रश्न शाळेचा कमी आणि जमिनीचा जास्त आहे. १९९७ च्या आदिवासी हक्क कायद्याने पूर्वजांच्या जमिनीवरचा हक्क मान्य केला, तो जमिनीवर उतरला तर भाषेला राहायला घर मिळेल. १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीने आयता लोकांना डोंगरावरून उठवून छावण्यांत आणून बसवले. ज्या झाडापाल्याची शेकडो नावे त्यांना तोंडपाठ होती, तो झाडपाला छावणीत कुठून येणार?

आडवा प्रश्न

खाचर, आपली उपमा सुंदर आहे आणि म्हणूनच मला तिची भीती वाटते. गाणे टिकावे म्हणून इफुगाओ बाईने वाकून हाताने भात कापत राहावे, असे आपण सुचवत आहात का? यंत्र तिच्या कमरेला विसावा देते. वारसा नावाचे ओझे नेहमी गरिबाच्याच डोक्यावर का ठेवायचे? मनिलात वातानुकूलित सभागृहात हुधुदला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाच्याही मुलीला विळा धरावा लागत नाही.

खाचर

मी तसे म्हटलेले नाही, पण तसे वाचता येते हे खरे आहे. यंत्र नाकारावे असे माझे म्हणणे नाही. जे गाणे कामाला बांधलेले होते ते कामाबरोबर जाईल हे मान्य करू. मयताच्या रात्रीचे हुधुद मात्र यंत्राने जात नाही, त्याच्या मागे धर्मांतर आणि स्थलांतर ही निराळी कारणे आहेत. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून मी चूक केली.

सनावळी

नोंद करून ठेवण्याला येथे फार हलके लेखले जात आहे, म्हणून एक आडवाट. १९८९ मध्ये मनिलाजवळच्या लागुना प्रांतात नदीच्या मुखाशी वाळू उपसताना एक ताम्रपट सापडला. त्याची सुरुवात मराठी माणसाला पंचांग उघडल्यासारखी वाटेल: शकवर्ष ८२२, वैशाख महिना, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. मजकूर साधा आहे; नामवरान नावाच्या माणसाचे सोन्याचे कर्ज फिटले, त्याची वंशजांसाठी दिलेली पावती. लिपी कावी, भाषा जुनी मलय, संस्कृत शब्दांनी भरलेली.

स्पॅनिश येण्याआधी फिलिपिन्सला लिखित इतिहास नव्हता, असे सर्रास मानणाऱ्यांना या एका पत्र्याने गप्प केले. नोंद नसती तर हे कळले नसते.

बांबूची वही

सनावळी, तोच पत्रा मी उलट बाजूने वाचतो. तो सापडला तेव्हा त्या देशात ती लिपी कुणाच्या रोजच्या वापरात नव्हती. तो वाचला त्याच पोस्तमा यांनी, ज्यांनी मांग्यानांना पाय मोडायची खूण दिली. तांबे टिकले, वाचणारे टिकले नाहीत. मांग्यानांचा बांबू मात्र किडतो, कुजतो, आणि तरीही त्यांची अक्षरे टिकली, कारण दर पिढीत कुणीतरी नवा बांबू कापला.

आता ‘आडवा प्रश्न’ यांना मी आधी टाळलेले उत्तर. इलोकानोचा मुद्दा बरोबर आहे आणि मी धागा लिहिताना तो ध्यानात घेतला नव्हता. एकोणीस भाषांची यादी लहान भाषांसाठी केलेलीच नव्हती. तरीही नवा कायदा मला मान्य नाही. जुनी यादी वाढवता आली असती, नव्या अटी मात्र दारच बंद करतात.

दावाओकरांच्या पहिल्या चार वर्षांना उत्तर देणारे एक काम तेथे सुरू आहे, ते कुणीच सांगितले नाही. फिलिपिनो भाषा आयोगाने २०१८ मध्ये बाताआन प्रांतातल्या आबुकाय येथे आयता माग्बुकुन लोकांच्या वस्तीत ‘बाहाय-विका’ म्हणजे भाषाघर सुरू केले. शाळेत न जाणारी लहान मुले दिवसाचे काही तास वस्तीतल्या वडीलधाऱ्यांजवळ बसतात आणि तेथे फक्त माग्बुकुनच बोलली जाते. न्यूझीलंडच्या माओरींनी १९८२ पासून चालवलेल्या भाषेच्या बालघरांवरून ही कल्पना घेतली आहे. तेथे पुस्तक लागत नाही, व्याकरण लागत नाही. एक म्हातारी आणि पाचसहा पोरे पुरतात.

आडवा प्रश्न

यावर माझा आक्षेप नाही. सक्ती नाही, परीक्षा नाही, आणि आईबापांची इंग्रजीही हिरावलेली नाही. मात्र अशी घरे किती वस्त्यांत निघतील आणि आयोगाचा उत्साह ओसरल्यावर त्या म्हातारीचे मानधन कोण देईल, हे विचारत राहीन.

दावाओकर, तुमच्या त्या नातीविषयी एक विचारायचे राहिले. तिला आजीचे सगळे कळत होते, हे तुम्ही कशावरून म्हणता?

दावाओकर

खरे तर नीट नाही सांगता येणार. एक प्रसंग आठवतो. पोटाच्या दुखण्याने आलेली एक आजी बराच वेळ बोलत होती, हाताने पोटावर वर-खाली दाखवत होती, मध्येच मूठ आवळत होती. नात ऐकून आमच्याकडे वळली आणि म्हणाली, ‘साकित.’ दुखते. मी विचारले, एवढेच म्हणाली का? मुलगी ओशाळली. म्हणाली, आजीकडे दुखण्याचे बरेच शब्द आहेत, मला हा एकच येतो. केसपेपरवर आम्ही तो एकच लिहिला.