मदत हवी आहे: १:७२ डायोरामात बुडालेलं नगर, रेझिनचं पाणी बिघडतंय आणि तळं खोल वाटत नाही

मूळ प्रश्न

अद्भुत कादंबऱ्यांत भेटतं तसं दृश्य डायोरामात, म्हणजे छोट्या प्रतिकृतींच्या देखाव्यात, १:७२ मापाने (प्रत्यक्षाच्या ७२ पट लहान) करायचं आहे: डोंगराच्या कुशीत तळं, तळाशी बुडालेलं नगर, बुरुजांच्या खिडक्यांत अजूनही दिवे, काठावर कंदील घेतलेला एकटा वाटसरू.

पाया ३० × २० सेंमी, ५० मिमी एक्सपीएस (दाट थर्माकोलसारखा) फोम. तळ्याचं क्षेत्रफळ सुमारे १०० चौ. सेंमी, खोली २५ मिमी. काठ प्लॅस्टरचे, वर अ‍ॅक्रिलिक रंग. चाचणी म्हणून वेगळ्या तुकड्यावर २:१ प्रमाणाचं इपॉक्सी (दोन भाग रेझिन, एक भाग ते घट्ट करणारा हार्डनर) एकाच वेळी २५ मिमी ओतलं. काठालगत बुडबुडे आले, फोम आकसून काठ सुटला, एक कोपरा आठवड्यानंतरही चिकट आहे. शिवाय तळं खोल न वाटता डबकं वाटतं. दिवे पाण्याखाली कसे न्यायचे?

प्रतिसाद १

तिन्ही बिघाडांची कारणं वेगळी आहेत.

फोम आकसला तो उष्णतेने. इपॉक्सी घट्ट होताना तापतं आणि जाड थरातली उष्णता बाहेर पडत नाही. ५ मिमीचे पाच थर करा, म्हणजे दर थराला ५० मिली. (पॉलिएस्टर रेझिन मात्र वापरूच नका. ते फोम थेट विरघळवतं. सॉल्व्हंटवाला स्प्रे पेंटही तसाच.)

बुडबुडे प्लॅस्टरच्या छिद्रांतल्या हवेचे. प्लॅस्टर तीन-चार दिवस पूर्ण वाळू द्या, पीव्हीए (पांढरा) गोंद आणि पाणी समप्रमाणात घेऊन दोन हात द्या, आणि ते वाळल्यावर ब्रशने रेझिनचा पातळ हात फिरवा. तो घट्ट झाला की मगच ओता.

एकच कोपरा चिकट राहिला म्हणजे मिश्रण नीट ढवळलं गेलं नाही. प्रमाण चुकलं असतं तर सगळाच पृष्ठभाग चिकट राहिला असता. कपाच्या भिंतीला लागलेलं रेझिन न मिसळताच ओतलं जातं, म्हणून तीन मिनिटं ढवळून दुसऱ्या स्वच्छ कपात घ्या आणि पुन्हा दोन मिनिटं ढवळा. ५० मिलीत हार्डनर फक्त १७ मिली असतो. त्यात २ मिलीची चूक म्हणजे बारा टक्क्यांची चूक, त्यामुळे अंदाजाने ओतू नका. वजनाने मोजणार असाल तर डब्यावरचं वजनाचं प्रमाण पाहा. हार्डनर हलका असल्याने आकारमानाचं २:१ वजनात २:१ राहत नाही.

आधीचा थर बोटाला किंचित चिकटतो पण सुटून येत नाही, तेव्हा पुढचा ओता. दिवस उलटून गेला असेल तर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून पुसून घ्या. घासल्याचा पांढुरका डाग पुढच्या थराखाली नाहीसा होतो. नायट्राइल हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

प्रतिसाद २

खोलीबद्दल. १:७२ मध्ये २५ मिमी म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम १.८ मीटर. तुमचा वाटसरू २४ मिमीचा, त्यामुळे डोळ्याला दिसतं ते पुरुषभर पाणी. जास्त रेझिन ओतून हे सुटणार नाही. स्केल आणि रंगानेच सुटेल.

नगर १:३०० मध्ये करा. १:७२ ला दोन मीटरचा दरवाजा २८ मिमी होतो, १:३०० ला फक्त ७ मिमी. काठावर मोठा माणूस आणि खाली इवले दरवाजे दिसले की मधलं अंतर डोळा स्वतःच भरतो. दोन्हींच्या मध्ये ओळखीच्या मापाची वस्तू, म्हणजे होडी किंवा पायऱ्या, अजिबात ठेवू नका. तिने फसवणूक उघडी पडते.

रंगात नियम एकच: पाणी आधी लाल रंग शोषतं. म्हणून बुरुजांची टोकं विटकरी-करडी चालतील, खाली जाताना निळसर हिरवी करत न्या आणि तळाशी छटांमधला फरक पुसट करा. तळाच्या भिंतींवर काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) आणि पांढरा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर दिलेला रंग) दोन्ही टाळा, त्यांनी तळ वर उचलल्यासारखा दिसतो. रेझिनमध्ये सर्वांत खालच्या थराला टूथपिकच्या टोकावर मावेल इतकंच निळं-हिरवं रेझिन पिगमेंट, वर कमी करत शेवटचा थर नितळ. पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग मिसळू नका, त्यांनी रेझिन गढूळ होतं.

धागाकर्ता

स्केलचा मुद्दा लक्षातच आला नव्हता, मनापासून आभार. दिव्यांसाठी एलईडी थेट बुरुजात पुरले तर?

प्रतिसाद ३

पुरू नका. एक गेला तर काढता येत नाही. एलईडी पायाखालच्या पेटीत ठेवा आणि प्रकाश ०.५ मिमी ऑप्टिकल फायबरने (प्रकाश वाहून नेणाऱ्या पारदर्शक तंतूंनी) वर न्या. ३ मिमीच्या एका वॉर्म व्हाइट एलईडीसमोर १२-१५ तंतूंची जुडी काळ्या हीटश्रिंक (उष्णतेने आकसणाऱ्या) नळीत बसते. ५ व्होल्टवर प्रत्येक एलईडीला स्वतंत्र २२० ओहम रेझिस्टर लावा, सुमारे ९ मिलिअँपिअर जातील, तेवढे पुरेत.

तंतू सुपरग्लूने चिकटवू नका. त्याने तंतू ठिसूळ होऊन वाकताना तुटतो. पीव्हीए किंवा इपॉक्सी वापरा. तंतू जिथून वर येतात ती भोकं इपॉक्सी पुट्टीने बंद करा, नाहीतर पहिला थर रातोरात पेटीत उतरेल. ओतण्याआधी दिवे दोन दिवस सलग लावून बघा. तळाच्या खिडक्यांच्या तंतूंना टोकाला पारदर्शक हिरव्या शाईचा थेंब द्या. पाण्याने लाल शोषला असेल तर तिथे पिवळा उजेड शुद्ध कसा राहील?

धागाकर्ता

शेवटचा प्रश्न: काठावर रेझिन वर चढून चकाकतं, त्याचं काय?

प्रतिसाद १

शेवटचा थर ठरलेल्या रेषेपेक्षा १ मिमी खालीच थांबवा. तरी चढलंच तर पूर्ण घट्ट झाल्यावर तेवढ्या पट्टीवर मॅट वार्निश द्या आणि वर बारीक वाळू किंवा शेवाळाचा भुसा पीव्हीएने चिकटवा. लाटा हव्या असतील तर ग्लॉस जेल मीडियम (वाळल्यावर पारदर्शक, चकचकीत होणारी दाट पेस्ट) ब्रशने थापटून लावा, पण फक्त वाटसरूच्या पायांशी. नगराच्या वर पृष्ठभाग आरशासारखा सपाट ठेवा, नाहीतर खिडक्या दिसणारच नाहीत.