साथीच्या काळात दवाखान्यातले बालरोगतज्ज्ञ आणि मुलांचं रुग्णालय: फोन असावा की नसावा?

दवाखाना_१८_वर्षे

पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा शून्यापासून सुरुवात नको, म्हणून हा धागा काढतोय. १८ वर्षं स्वतःचा दवाखाना चालवतो, फक्त मुलांचा. कोविडच्या आधी मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी आमचा संबंध टिकून होता तो महिन्याच्या क्लिनिकल मीटिंगमुळे. खरं तर मीटिंग संपल्यावर जिन्यात उभ्याउभ्या होणाऱ्या दहा मिनिटांच्या बोलण्यामुळे. "सर, माझ्याकडे असा एक पेशंट आहे," एवढं म्हटलं की काम व्हायचं. मार्च २०२० मध्ये ते एका आठवड्यात बंद पडलं आणि त्या जागी वेबिनार आले. वक्ता बोलणार, आमचे माइक बंद, प्रश्न लिहून पाठवायचे, शेवटची पाच मिनिटं उत्तरांना.

त्याच काळातला माझा एक पेशंट. सात वर्षांचा मुलगा, तापाचा पाचवा दिवस, पोट दुखतं म्हणून आणलेला. डोळे लालबुंद पण चिकटा नाही, ओठ फुटलेले. नख दाबून सोडलं तर रंग परत यायला चार सेकंद लागले, म्हणजे रक्त बोटापर्यंत नीट पोचत नव्हतं. महिन्यापूर्वी घरात सगळ्यांना कोविड होऊन गेलेला. मला जो संशय आला तो कोणाशी तरी बोलायचा होता आणि रुग्णालयाचा नंबर पाऊण तास एंगेज. शेवटी एका जुन्या ओळखीच्या रेसिडेंटचा वैयक्तिक नंबर सापडला, म्हणून रात्री आठच्या आत मूल आयसीयूत पोचलं. ओळख होती म्हणून! ज्याची ओळख नाही त्याने काय करायचं?

माझं म्हणणं असं की साथीच्या पहिल्याच आठवड्यात रुग्णालयाने बाहेरच्या डॉक्टरांसाठी वेगळा नंबर सुरू करावा आणि त्यावर निर्णय घेऊ शकणारा वरिष्ठ डॉक्टर असावा. शिवाय आठवड्यातून एकदा तासाभराची ऑनलाइन बैठक, तिच्यात आधी आम्ही बोलणार: या आठवड्यात ओपीडीत वेगळं काय दिसलं.

आयसीयू_रात्रपाळी

सर, त्या मुलाबद्दल वाचून अंगावर काटा आला. तरी मी फोनच्या विरोधात आहे आणि त्याला कारण आहे.

मी मुलांच्या आयसीयूत होते. पीपीई किट चढवलं की पुढचे काही तास फोन बाहेरच. ज्या वरिष्ठाला तुम्ही फोनवर बसवणार तो त्या वेळी पेशंटजवळ नसणार, आणि आमच्याकडे वरिष्ठ होते तरी किती? निम्मे स्वतः आजारी किंवा विलगीकरणात. आम्ही काही दिवस असा नंबर दिलाही होता. बहुतेक फोन "बेड आहे का?" आणि "रिपोर्ट कुठे मिळेल?" याचेच. तुमच्या मुलासारखा खरा फोन त्या गर्दीत अडकतो. आणखी एक, फोनवर दिलेल्या सल्ल्याची नोंद कुठेच नसते. समोरचा म्हणतो "मूल बरं दिसतंय", मी म्हणते "उद्या बघू", आणि उद्या उशीर झालेला असतो.

त्यापेक्षा एक पानाची लेखी सूचना द्या, वर ठळक तारीख घातलेली. अमुक लक्षणं दिसली की फोन न करता पाठवा, आम्ही दारातच घेऊ. नख दाबून चार सेकंद लागत असतील तर त्यात विचारायचं काय उरलं, सर?

दवाखाना_१८_वर्षे

मॅडम, तुमचा प्रश्न रास्त आहे. त्या मुलाला मी विचारल्याशिवायही पाठवायला हवं होतं. पण कागद निघतो तेव्हा आजाराला नाव मिळालेलं असतं. एमआयएस-सी आठवा, म्हणजे कोविड होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मुलांच्या अनेक अवयवांना सूज आणणारा आजार, ज्याचा मला त्या मुलात संशय आला. इटलीतल्या बर्गामोच्या रुग्णालयात १८ फेब्रुवारी ते २० एप्रिल २०२० या दोन महिन्यांत कावासाकीसारखी (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारासारखी) लक्षणं असलेली १० मुलं आली. त्याआधीच्या पाच वर्षांत मिळून १९. ब्रिटनमध्ये डॉक्टरांना इशारा गेला एप्रिलच्या शेवटी, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा १४ मे रोजी, डब्ल्यूएचओचा १५ मे रोजी. तोवर ही मुलं कुठे होती? कोणाच्या तरी ओपीडीत, व्हायरल ताप म्हणून पॅरासिटामॉल घेत.

आयसीयू_रात्रपाळी

तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने बोलतंय. बर्गामोत ते लक्षात आलं कारण सगळी मुलं एका छताखाली आली. ओपीडीत प्रत्येकाने एखादंच पाहिलं असणार आणि एका मुलावरून कोणालाच काही कळत नाही. म्हणून म्हणते, पाठवा.

दवाखाना_१८_वर्षे

एकेकाला एकेक दिसलं, म्हणूनच तर आठवड्याची बैठक मागतोय. दहा दवाखान्यांतली दहा मुलं एका तासात एकमेकांशेजारी येतील.

नाव_नको_डॉक्टर

दोघांनाही विनंती, काहीही करा पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नको. आमचा दोनशे जणांचा ग्रुप होता. एकाच औषधाच्या मात्रेचे तीन वेगवेगळे कागद फिरत होते, एकावरही तारीख नाही. कोणीतरी पुरळाचा फोटो टाकला, त्यात मुलाचा चेहरा आणि मागे केसपेपरवर नाव. दुसऱ्या दिवशी तो फोटो मला नात्यातल्या एका माणसाकडून आला, जो डॉक्टर नाही. त्या आईवडिलांना आजही हे माहीत नसेल. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

बैठकीच्या बाजूने मात्र मी आहे, कारण तो प्रकार आजमावलेला आहे. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठात प्रोजेक्ट एको सुरू केला, हिपॅटायटिस सी साठी. दूरच्या डॉक्टरांनी नाव न सांगता आपला पेशंट मांडायचा आणि तज्ज्ञांसकट सगळ्यांनी त्यावर बोलायचं. २०११ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा बाहेरच्या डॉक्टरांच्या पेशंटांचे बरे होण्याचे आकडे विद्यापीठाच्या दवाखान्याइतकेच निघाले. अर्थात तो सावकाश चालणारा आजार, तापाने फणफणलेलं मूल नव्हे. हा फरक आहे, मान्य.

दोन_लेकरांची_आई

मी डॉक्टर नाही, तरी लिहिते. माझ्या धाकटीला हाच आजार झाला होता. रुग्णालयाची इतकी भीती बसली होती की आम्ही दोन दिवस घरीच काढले. नेहमीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "ताई, कोविडची भीती बाजूला ठेवा, आत्ता निघा," म्हणून निघालो. दुसऱ्या कोणाचं ऐकलं नसतं.

तिथे तिच्यावर उत्तम उपचार झाले, त्याबद्दल जन्मभर ऋणी राहीन. पण घरी सोडताना एक कार्ड हातात दिलं, त्यावर "जवळच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवणे" इतकंच. चार महिन्यांनी गोवर-गालगुंडांची लस द्यायची वेळ आली. आमच्या डॉक्टरांनी सिरिंज भरण्याआधी सहज फाईल मागितली. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून देतात त्या अँटीबॉडीज, असं लिहिलेलं होतं. त्यांनी सिरिंज खाली ठेवली. म्हणाले, हे औषध दिल्यावर ही लस काही महिने नीट लागू पडत नाही, थांबावं लागेल. त्यांना हे कोणी कळवलंच नव्हतं. तुम्ही फोन कोणी उचलायचा यावर वाद घालताय. मूल घरी गेल्यावर तुमच्यापैकी कोणी कोणाला फोन करतं?

नाव_नको_डॉक्टर

ताई, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. या आजारात आयव्हीआयजी मोठ्या मात्रेत देतात, आणि तितकं दिल्यावर गोवराची आणि कांजिण्यांची लस ११ महिने पुढे ढकलावी असं अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शिवाय घरी ॲस्पिरिन चालू असेल, तर त्यात कांजिण्या किंवा फ्लू होणं धोक्याचं. हे बाहेरच्या डॉक्टरला माहीत हवंच.

आणि दोन दिवस घरी काढल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. मार्च २०२० मध्ये इटलीतल्या पाच रुग्णालयांनी भीतीपोटी उशिरा आणलेल्या १२ मुलांची नोंद केली होती. त्यातली निम्मी आयसीयूत गेली, चार दगावली. अशा वेळी आईबापांचा विश्वास ज्याच्यावर असतो तो माणूस दवाखान्यात बसलेला असतो.

आयसीयू_रात्रपाळी

ताई, यावर माझ्याकडे बचाव नाही. डिस्चार्ज कार्ड रात्री दोन वाजता रेसिडेंट लिहितो, पुढचं मूल ट्रॉलीवर थांबलेलं असताना. तरीही काय दिलं आणि कोणती लस कधीपर्यंत थांबवायची, एवढ्या दोन ओळी पहिल्या पानावर वर यायलाच हव्यात, आणि त्याच पानाचा फोटो नेहमीच्या डॉक्टरांना जायला हवा. त्यासाठी भरती करतानाच त्यांचा नंबर विचारायला हवा. आम्ही विचारत नव्हतो.

फोनबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण किट उतरवल्यावर दुपारी दोन ते तीन हा एक तास मी देऊ शकले असते. तेव्हा तो ना कोणी मागितला, ना मला सुचला. उरलेले तेवीस तास फोन करू नका, मूल पाठवा.

दवाखाना_१८_वर्षे

दोन ते तीन चालेल, मॅडम, बैठकीसाठी तर उत्तमच. पण तापाचं मूल आईबाप कामावरून परतल्यावर येतं, संध्याकाळी सातला. त्या वेळी दारात कोण असेल, त्याचं नाव तुमच्या त्या एक पानावर खाली लिहाल का?