कंपन्यांना, ऑफिसांना गमतीशीर पत्रं लिहून उत्तर मिळवलंय का कुणी?

नाशिकचा पत्रलेखक

नमस्कार मंडळी, मला पहिल्यापासून पत्रं लिहायचा नाद आहे, पेपरातल्या लोकमानस, बहुतांची अंतरे या वाचकांच्या पत्रांच्या सदरांत बरीच छापून पण आलीयेत. पण आता वेगळं काहीतरी करायचंय, म्हणजे कंपन्या, बँका, महामंडळं, म्युझियम असल्या ठिकाणी अगदी सभ्य भाषेत पण गमतीशीर पत्रं लिहायची आणि ते काय उत्तर देतात बघायचं. खोट्या नावाने नको, कुणाची फसवणूक नको, फुकट माल उकळायचा तर अजिबातच विचार नाही. समोरच्या माणसाला टेबलावर बसल्या बसल्या हसू यावं आणि त्याने दोन ओळी उलट लिहाव्यात एवढीच इच्छा.

डोक्यात सध्या दोन विषय आहेत. एक उदबत्तीच्या कंपनीला विचारायचं, की पुड्यावर तुम्ही मोगरा लिहिलंय पण हा मोगरा नक्की कधीचा, संध्याकाळी गजरा माळतानाचा की दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवर सापडतो तो? कारण आमच्या घरात यावर दोन तट पडलेत. दुसरं पंख्याच्या कंपनीला. आईला पंखा ५ वर लागतो, बायकोला ३ वर, मी मधे ४ वर ठेवला तर दोघींना वाटतं आपण हरलो. तर कंपनीने लेखी कळवावं की ४ हा नेमका कुणाचा विजय धरायचा.

तर सांगा, उत्तरं येतात का खरंच? मेल करू की कागदावर पाठवू? आणि मराठीत लिहिलं तर चालतं का?

बकुळ

येतात! आमच्याकडे आलंय. भाचा तेव्हा तिसरीत होता, चहात बिस्कीट बुडवता बुडवता त्याने विचारलं की बिस्किटाला जी भोकं असतात त्या भोकातलं पीठ जातं कुठे. घरात एकालाही सांगता येईना, मग ताई म्हणाली कंपनीलाच विचार की. पत्र पूर्ण त्यानेच लिहिलं, मी फक्त पुड्यावरचा पत्ता पाकिटावर घातला. त्याचं म्हणणं असं होतं, की एका बिस्किटात इतकी भोकं म्हणजे एका पुड्यात किती, आणि रोज तुम्ही किती पुडे करता, म्हणजे केवढं पीठ उरत असेल, तर त्याची छोटी बिस्किटं करून विकता का, विकत असाल तर ती कुठे मिळतात, कारण आमच्या वाण्याला माहीत नाही.

बरेच दिवस काहीच नाही, आम्ही विसरूनही गेलो. आणि मग चक्क लेटरहेडवर उत्तर, खाली पेनाने सही. लिहिलं होतं की पीठ बाहेर काढतच नाहीत, लाटलेल्या पट्टीत बारीक पिना टोचतात आणि पीठ बाजूला सरकतं. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती या भोकांतून निघून जाते, नाहीतर बिस्कीट पुरीसारखं फुगलं असतं. आणि शेवटी, 'म्हणून छोटी बिस्किटं आमच्याकडेही नाहीत. असती तर तुझ्यापर्यंत पोचलीच नसती, आम्हीच संपवली असती.'

ते पत्र ताईने फ्रेम करून घेतलंय. कारखान्यातल्या कुणीतरी वेळ काढून आठ वर्षांच्या पोराला वाफेचं काम समजावून सांगितलं हो, मला अजून भरून येतं त्याचं.

टपालवेडा

या विषयात ओखिल चंद्र सेन यांचं नाव आलंच पाहिजे. १९०९ सालचं पत्र आहे, साहिबगंजच्या रेल्वे ऑफिसला लिहिलेलं. बाबू प्रवासात फणस खाऊन बसले होते, पोट फुगलं, बंगालमधल्या अहमदपूर स्टेशनवर गाडी थांबली म्हणून उतरून आडोशाला गेले आणि तेवढ्यात गार्डने शिट्टी दिली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर धरून पळाले, पडले, प्लॅटफॉर्मवरच्या बायापुरुषांसमोर शोभा झाली, गाडी गेली ती गेलीच. मग त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं की या गार्डला मोठा दंड करा, नाहीतर मी पेपरात कळवीन. रेल्वेच्या खालच्या वर्गाच्या डब्यात संडास आले ते या पत्रानंतर असं सांगतात, आणि ते पत्र दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये लोकांना बघायला ठेवलंय.

आता माझं म्हणणं नीट समजून घ्या. ओखिलबाबूंना विनोद करायचा नव्हताच. माणूस संतापलेला होता, आणि जे झालं ते लोट्याधोतरासकट जसंच्या तसं लिहिलं म्हणून आपण शंभर वर्षांनंतरही हसतो आणि त्यांची बाजूही घेतो. 'प्रवाशांची गैरसोय होते' एवढंच लिहिलं असतं तर ते पत्र फायलीत कुजलं असतं. तेव्हा नाशिककर, गंमत ओढूनताणून आणू नका, तुमचं मोगऱ्याचं पत्र मला आवडलं ते त्यात उशी आहे म्हणून.

थेम्सकाठी

मी लंडनला असते, इथे हा प्रकार लोक फार प्रेमाने करतात. सेन्सबरीज नावाची सुपरमार्केटची मोठी साखळी आहे, त्यांच्याकडे टायगर ब्रेड म्हणून पाव मिळायचा, वरचं कवच भेगाळलेलं असतं त्याचं. एका साडेतीन वर्षांच्या मुलीने २०११ मध्ये त्यांना पत्र लिहून विचारलं की याला वाघ का म्हणता, हा तर जिराफासारखा दिसतो. कस्टमर केअरवाल्याने उत्तर दिलं की कल्पना एकदम भारी आहे, फार पूर्वी ज्याने हा पाव पहिल्यांदा केला त्याला तो वाघासारखा पट्ट्यापट्ट्यांचा वाटला असणार, जरा वेडाच असावा तो. आणि सही करताना नावापुढे स्वतःचं वय लिहिलं, २७ आणि एक तृतीयांश, कारण मुलीने पण आपलं वय लिहिलं होतं. पत्रं नेटवर इतकी फिरली की जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने खरंच पावाचं नाव जिराफ ब्रेड केलं.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. शेरलॉक होम्सचा पत्ता २२१ बी बेकर स्ट्रीट, पण कथा लिहिल्या गेल्या तेव्हा त्या रस्त्यावर एवढा मोठा नंबरच नव्हता. पुढे नंबर वाढले आणि १९३२ मध्ये ॲबे रोड नावाची (पुढे ॲबे नॅशनल झालेली) घरकर्ज देणारी संस्था २१९ ते २२९ नंबरांच्या इमारतीत आली, आणि होम्सच्या नावाने जगभरातून येणारी पत्रं यांच्या टेबलावर पडायला लागली. माझी अंगठी हरवलीय, आमच्या केसमध्ये लक्ष घाला, असली. संस्थेने ती परत पाठवली नाहीत, या पत्रांना उत्तरं द्यायला चक्क एक सेक्रेटरी नेमला! तो कळवायचा की मिस्टर होम्स आता रिटायर होऊन ससेक्सला मधमाश्या पाळतात. कर्जाचे हप्ते मोजणारी संस्था हे वर्षानुवर्षं करत होती बघा.

आणि मुंबईचं एक. डिसेंबर २००८ ला व्हर्जिन अटलांटिकच्या मुंबई ते हीथ्रो फ्लाइटमधल्या जेवणावर एका प्रवाशाने थेट कंपनीच्या मालकाला, रिचर्ड ब्रॅन्सनला पत्र लिहिलं, ट्रेमधल्या एकेका पदार्थाचा फोटो लावून. तो पिवळा पदार्थ कस्टर्ड आहे की मोहरीचा सॉस हे गुन्ह्याचा तपास करावा तसं लिहिलं होतं त्याने. ब्रॅन्सनने स्वतः फोन केला आणि पुढचं जेवण निवडायला तूच ये म्हणून बोलावलं.

अण्णा सातारकर

सगळं वाचलं, छान आहे, पण माझं मत थोडं वेगळं आहे. प्रायव्हेट कंपनीला काय लिहायचं ते लिहा. सरकारी ऑफिसात मात्र जपून. मी आयुष्यभर सरकारी नोकरी केली, तिथे आलेल्या प्रत्येक कागदावर आवकचा शिक्का बसतो, नंबर पडतो, तो कुणाच्या तरी नावावर चढतो आणि त्याचा निपटारा दाखवावा लागतो. तुमच्या गमतीपायी एखाद्या क्लार्कची प्रलंबित यादी एकाने वाढते आणि त्याच यादीत कुणाची तरी पेन्शनची केस असते.

आणि माहितीच्या अधिकारात तर असलं काही कधीच करू नका ही हात जोडून विनंती. तिथे १० रुपये भरले की ३० दिवसांत उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दंड त्याच्या खिशातून जातो. त्याला हसायची सोय नाही आणि सोडून द्यायची पण नाही. तो कायदा लोकांनी भांडून मिळवलाय, तो कामासाठीच राहू द्या.

चाकोरीबाहेर

अण्णा, माहितीच्या अधिकाराचं शंभर टक्के मान्य. पण काम असेल तर गमतीने लिहायला काय हरकत? आमच्या इथल्या एका बँकेच्या शाखेत काउंटरवर पेन दोरीने बांधलेलं असायचं, दोरी इतकी आखूड की स्लिप पेनाजवळ न्यावी लागायची आणि उंच माणसाला गाल काउंटरला टेकवून सही करावी लागायची. सगळे नुसते चिडायचे. माझ्या वडिलांनी मॅनेजरना रीतसर पत्र दिलं, विषय: पेनास मर्यादित स्वातंत्र्य मिळणेबाबत. आत लिहिलं की पेन पळून जाऊ नये ही बँकेची काळजी रास्त आहे, पण सध्याच्या दोरीत आम्हा खातेदारांच्या सह्या नमुना सहीशी जुळत नाहीत आणि मग आपलाच स्टाफ चेक परत करतो, तरी दोरी वीतभर वाढवावी, जामीन म्हणून मी उभा राहीन.

त्यावर शिक्क्यासकट उत्तर आलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर दोरीची लांबी एक वीत वाढविण्यात आली आहे. पेनाची वर्तणूक समाधानकारक आढळल्यास पुढील वाढीचा विचार करण्यात येईल.' खाली मॅनेजरची सही. दोरी खरंच वाढली होती हो! आणि त्यानंतर वडील बँकेत गेले की मॅनेजर केबिनमधून उठून बाहेर यायचे.

सुलभाताई

मी एका खाद्यपदार्थाच्या कंपनीत ग्राहक विभागात होते, आता निवृत्त, तर आतली बाजू सांगते.

पत्र आलं की पहिलं वर्गीकरण होतं. माल खराब, पैसे परत, सूचना, आणि राहिलेलं सगळं 'इतर'. इतरमधली पत्रं आम्ही दुपारच्या डब्याच्या वेळी मोठ्याने वाचायचो, कारण दिवसभर शिव्याच खायच्या असतात त्या टेबलावर. त्यातल्या चांगल्या पत्राला उत्तर द्यायला माणसं अक्षरशः भांडायची. पण उत्तर देता येईल असा एक खरा प्रश्न पत्रात पाहिजे, बकुळच्या भाच्याच्या पत्रात होता तसा. नुसतेच विनोद असले की आम्ही हसायचो आणि बाजूला ठेवायचो, लिहिणार काय उलट?

दोन गोष्टी टाळा. अळी निघाली, पोट बिघडलं असलं काही गमतीत सुद्धा लिहू नका, ते पत्र लगेच क्वालिटीवाल्यांकडे जातं, बॅच नंबर मागतात, आणि खऱ्या तक्रारीला वेळ लागतो तुमच्यामुळे. दुसरं म्हणजे नवीन वस्तू काढा असं सुचवू नका. उद्या तशीच वस्तू निघाली तर माणूस हक्क सांगेल म्हणून बऱ्याच कंपन्यांचे वकील अशा पत्राला ठरलेला कोरडा नकारच पाठवायला लावतात, मग पत्र कितीही गोड असो.

नाशिकचा पत्रलेखक

वा वा, खूपच मिळालं. सुलभाताई, तुमच्या हिशोबाने मोगऱ्याचं पत्र जाईल का? आणि मेल की कागद ते राहिलंच.

सुलभाताई

मोगऱ्याचंच आधी पाठवा. सुगंध ठरवणारा माणूस त्या कंपनीत असणारच आणि त्याला त्याच्या कामाबद्दल इतकं बारीक कुणीही विचारत नाही, पत्र त्याच्यापर्यंत पोचलं तर तो पानभर लिहील. पंख्याच्या पत्रात एक खरा प्रश्न घाला, ४ वर ठेवल्याने वीज किती वाचते वगैरे, म्हणजे उत्तर देणाऱ्याला धरायला काहीतरी मिळेल.

पत्ता पुड्यावर असतोच, पॅकबंद मालावर तक्रारीसाठी पत्ता, फोन, मेल छापणं कायद्याने सक्तीचं आहे. मराठीत खुशाल लिहा, महाराष्ट्रातल्या ऑफिसात वाचणारं कुणीतरी असतंच, दिल्ली बेंगळुरूला असेल तर खाली चार ओळी हिंदी किंवा इंग्रजीत. मेल नको, मेलला आपोआप तक्रार नंबर पडतो आणि ठरलेलं उत्तर जातं. त्यापेक्षा सरळ पोस्टकार्ड टाका, अक्षर सुवाच्य ठेवा, स्वतःचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट लिहा. कार्ड उघडं असतं ना, त्यामुळे आवकवाली वाचते, शिपाई वाचतो, लिफ्टमध्ये अजून कुणीतरी वाचतं, आणि ज्याला आवडतं तो स्वतः आणून हातात देतो, मॅडम हे आधी बघा म्हणून.