नवा लॅपटॉप: विंडोज, मॅक की लिनक्स? (उपदेश नकोत, उत्तरं द्या)

मिरजकरीण

सोसायटीच्या ग्रुपवर काल एक लांबलचक पोस्ट फिरत आली. सार एवढंच, की आजच्या काळात पैसे मोजून विंडोज घेणारा एकतर अडाणी नाहीतर गुलाम. शहाण्याने ‘डॉसवाला’, म्हणजे विंडोज न घातलेला, लॅपटॉप घ्यावा, वाचलेल्या पैशात चांगली बॅग घ्यावी, वीस मिनिटांत लिनक्स मिंट (लिनक्सचा एक फुकट, सोपा प्रकार) टाकावं आणि सुखी व्हावं. खाली अंगठ्यांची रांग. तिथे शेजाऱ्यांशी वाकडं नको म्हणून इथे भांडते.

मी करसल्लागार आहे. टॅली विंडोजवर चालतं. जीएसटीची काही ऑफलाइन टूल्स एक्सेलच्या मॅक्रोवर उभी आहेत, ती लिब्रेऑफिसात (एमएस ऑफिसच्या फुकट पर्यायात) उघडून दाखवा आणि मग मला गुलाम म्हणा. क्लायंटच्या डिजिटल सहीचं टोकन मुदतीच्या आदल्या रात्री ओळखलं गेलं नाही, तर ‘सोर्स कोड खुला आहे’ हे उत्तर मी क्लायंटला देऊ का?

आता मुद्दा. भाचा यंदा मेकॅनिकलला जातोय. बजेट साठ हजार. बहिणीला मॅक हवाय, कारण तिच्या मैत्रिणीच्या मुलाने घेतला. सॉलिडवर्क्स (यंत्रांची थ्रीडी डिझाइनं करायचं सॉफ्टवेअर) फक्त विंडोजवर चालतं, म्हणून मी विंडोज म्हणतेय. चुकतंय का काही?

टर्मिनलबुवा

ताई, पोस्ट उर्मट आहे, मान्य. पण उर्मट माणूसही कधीकधी खरं बोलतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं आयुष्य संपलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेल असेल तर निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर. माझ्या वडिलांचा लॅपटॉप २०१६ चा. कीबोर्ड, स्क्रीन, सगळं ठणठणीत, तरी कागदोपत्री भंगार! त्यावर मिंट टाकलं. वडील त्याच्यावर कीर्तनं ऐकतात, पेन्शनची स्लिप काढतात, नातवाला व्हिडिओ कॉल करतात. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची ती काळी खिडकी, काय असते हे त्यांना आजही ठाऊक नाही.

केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं मुलं लिनक्सवर शिकताहेत, दहावीची आयटीची परीक्षाही त्यावर देतात. आपल्याकडे मात्र ‘ते इंजिनियर लोकांचं असतं’.

मिरजकरीण

वडील कीर्तनं ऐकतात, मी ऑडिटची कागदपत्रं करते. दोन्ही पुण्यकर्मं आहेत, पण सॉफ्टवेअर वेगळं लागतं हो.

सोलापुरी_सफरचंद

बहीण बरोबर बोलतेय. एम१ पासून, म्हणजे ॲपलची स्वतःची चिप आली त्या २०२० पासून, मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. दिवसभर चार्जर न्यावा लागत नाही. सेलमध्ये आणि विद्यार्थी सवलतीत जुन्या मॉडेलची किंमत तुमच्या बजेटच्या आसपास येते. आणि पहिल्या वर्षाला कसलं सॉलिडवर्क्स? पहिलं वर्ष ड्रॉइंग शीट, ड्राफ्टर आणि खोडरबर यांतच जातं. ऑटोकॅड तर मॅकवरही चालतं.

म्युनिकचा_फिरस्ता

मग तिसऱ्या वर्षी काय करायचं, परत साठ हजार? मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, स्टोरेजही नाही. आज जे घेतलं तेच चार वर्षं.

लिनक्सवाल्यांना एक आठवण. मी राहतो त्या म्युनिकच्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं. सुमारे पंधरा हजार संगणक हलवले. आणि २०१७ मध्ये नगरसभेने परत विंडोजवर यायचा ठराव केला. एवढ्या मोठ्या शहराची दमछाक झाली, तिथे मिरजेच्या ताईंना वीस मिनिटांत जमेल म्हणे!

टर्मिनलबुवा

अर्धीच गोष्ट सांगू नका. तिथे नवी आघाडी आली आणि २०२० मध्ये पुन्हा शक्य तिथे मुक्त सॉफ्टवेअर वापरायचं ठरलं. जर्मनीच्याच उत्तरेकडचं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य तर अख्खं लिब्रेऑफिसवर चाललंय. पहिल्या वेळी घोडं अडलं ते राजकारणात आणि सुसंगत नसलेल्या फायलींत, लिनक्समध्ये नाही.

म्युनिकचा_फिरस्ता

‘सुसंगत नसलेल्या फायली’ हाच तर ताईंचा मुद्दा आहे, बुवा. धन्यवाद.

खिळेजुळारी

तुमच्या भांडणात या म्हाताऱ्याचा एक प्रश्न. या तिन्हींपैकी मराठी धड कशात लिहिता येतं? छापखान्यात आयुष्य गेलं माझं. खिळे जुळवले, मग पेजमेकरवर पानं लावली, मग श्रीलिपीचे मराठी फॉन्ट आले. कपाटात सीडींवर पुस्तकंच्या पुस्तकं पडून आहेत आणि आज ती फाइल उघडली की दिसतं काय, तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. फॉन्ट असेल तरच मराठी, नाहीतर कचरा. एका प्रकाशकाने मध्यंतरी जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायला सांगितली. म्हणाले, फाइल आहेच, दोन दिवसांचं काम. फॉन्टचं डोंगल, म्हणजे ज्याशिवाय तो चालत नाही ती संगणकाला लावायची किल्ली, हरवलेलं. शेवटी छापील पुस्तक समोर ठेवून पहिल्यापासून टाइप केलं, आणि पैसे मिळाले दोन दिवसांचे.

आंबेमोहोर

काका, युनिकोड वापरा, म्हणजे फॉन्ट कुठलाही असो, अक्षर तेच राहतं. प्रश्न मिटला. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. रोमनमध्ये लिहा, मराठी उमटतं. मी तर तेच वापरते.

खिळेजुळारी

प्रश्न मिटला नाही, तिथूनच सुरू झाला. रोमनमध्ये विचार करून मराठी लिहिणं म्हणजे उजव्या हाताने डावा कान पकडणं. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिका. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, सरकारने ऐंशीच्या दशकात प्रमाण केलेला आराखडा. आठ दिवस बोटं दुखतील.

आंबेमोहोर

माझं काम ऑफिसात दिवसभर इंग्रजीत चालतं. मध्येच मराठी लिहायचं म्हणून बोटांना दुसरा नकाशा कशाला शिकवू? कान कुठल्या हाताने पकडायचा ते माझं मी ठरवीन ना. मराठी लिहिणारे आधीच कमी, त्यांत तुम्ही सोवळं-ओवळं आणता.

कृष्णाकाठ

सोवळ्यात आणखी एक भर. क्लार्कच्या नोकरीला मराठी तीस शब्द प्रति मिनिटाचं प्रमाणपत्र लागतं आणि आमच्या टायपिंग क्लासात शिकवतात रेमिंग्टन! म्हणजे टाइपरायटरचा आराखडा, जो टाइपरायटर क्लासात आता शोभेलाही नाही. मुलं पास होतात, घरी येऊन मोबाइलवर फोनेटिक वापरतात. तीन कीबोर्ड, एक भाषा, आणि शासनाचं परिपत्रक शेवटी पीडीएफमध्ये, ज्यातला मजकूर कॉपी केला की परत काकांचा चिवडा.

खिळेजुळारी

शाब्बास. आता फोनेटिकवाल्या बाईंनी ‘वाऱ्यावर’ लिहून दाखवावं.

आंबेमोहोर

‘वाऱ्यावर’. दाखवलं. पुढे?

खिळेजुळारी

दिसायला बरोबर आहे. पण तो अर्धा र संगणकाच्या पोटात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक. डोळ्यांना सारखेच, शोधायला गेलं की एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. प्रूफ तपासताना ‘शोधा’ म्हटलं की निम्मे वारे सापडतात, निम्मे वाऱ्यावर. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून र च्या कळीवर ऱ मिळतो, काय गेलं ते तुम्हाला माहीत असतं. फोनेटिकवर कोण काय घालतंय ते देवाला ठाऊक.

आंबेमोहोर

हे मला खरंच माहीत नव्हतं. पण इतक्या तोऱ्यात सांगितलंत की मान्य करायची इच्छा मेली. ‘बाई’ हा उल्लेखही टाळला असतात तर बरं.

टर्मिनलबुवा

काकांना दुजोरा. इन्स्क्रिप्ट तिन्हीकडे एकच आहे. फोनेटिक मात्र प्रत्येकाचं वेगळं: विंडोजचे नियम निराळे, मॅकच्या देवनागरी क्वर्टीचे निराळे, लिनक्सवर आयबस या टायपिंगच्या सोयीत तर आयट्रान्स, फोनेटिक असे दोनतीन पर्याय. ओएस बदलली की बोटं अडखळणार.

सोलापुरी_सफरचंद

अरे भाच्याचा लॅपटॉप राहिला बाजूला! मेकॅनिकलचा मुलगा आहे, महाकाव्य लिहिणार नाहीये.

कृष्णाकाठ

का नाही लिहिणार? मॅकवाल्यांनी फक्त कॅफेत बसून इंग्रजीच लिहायचं असतं का?

सोलापुरी_सफरचंद

सोलापुरात कॅफे दाखवा आधी, मग टोमणे मारा. मी कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसून लिहितोय.

मिरजकरीण

काकांची हरकत नसेल तर मूळ प्रश्नाकडे येऊ का?

बुवांचं थोडं पटलं, हे लिहिताना दात-ओठ खातेय. विंडोज ११ होम सुरू करतानाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं, डेस्कटॉपवरच्या फायली वनड्राइव्हकडे वळवायला बघतं, हे मला माहीत आहे आणि आवडत नाही. क्लायंटच्या ताळेबंदाने न विचारता ढगात जाऊ नये. पण तुमच्या मिंटमध्ये माझ्या ऑफिसचा स्कॅनर चालला नव्हता, स्कॅनरच्या कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हरच दिलेला नाही. यात लिनक्सचा दोष नाही हे कळतं. पण स्कॅन मलाच करायचं असतं.

टर्मिनलबुवा

दोष नाही म्हणालात, एवढं आम्हाला वर्षभर पुरतं. मग असं करा. विंडोजसकट घ्या, परवाना नंतर सुटा घेणं महाग पडतं. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: रॅम सोळा जीबी आहे का किंवा वाढवता येते का, आणि एसएसडीची (फायली साठवायच्या डिस्कची) दुसरी जागा रिकामी आहे का. दुसऱ्या एसएसडीवर हवं तेव्हा लिनक्स टाकता येतं, विंडोजला धक्का न लावता.

आणि काही करण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की कागदावर उतरवा. नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन बहुतेक आपोआप चालू असतं. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) हात घातला आणि की नसली, तर अख्खी डिस्क कुलपात.

म्युनिकचा_फिरस्ता

बुवा विंडोज घ्यायला सांगताहेत! स्क्रीनशॉट काढून ठेवा कोणीतरी.

टर्मिनलबुवा

सॉलिडवर्क्ससाठी सांगतोय. ज्यांना फक्त ब्राउझर आणि युट्यूब लागतं त्यांनी विंडोजला पैसे देणं हा वेडेपणाच आहे. त्या पोस्टचा तेवढा भाग मी सोडणार नाही.

मिरजकरीण

नका सोडू. बहिणीला ‘दुसरी एसएसडी’ समजावणं हे मात्र तुमच्याकडे देते, नंबर व्यनि करते. तिचा पुढचा प्रश्न रंगाचा असेल.

आंबेमोहोर

काका, इन्स्क्रिप्ट लावून बसलेय. ज्ञ कुठे आहे?

खिळेजुळारी

विंडोजवर शिफ्ट आणि पाच. नाहीतर ज, हलन्त, ञ. ताई, माफ करा, तुमच्या धाग्यावर अजून एक विचारतो: त्या श्रीलिपीच्या फायली युनिकोडमध्ये आणायला नीट चालणारं काही आहे का कोणाकडे? जोडाक्षरं न मोडणारं.